अधिक-उणे नव्वद

सिंदफणेच्या वळणावर नागझरीची पांढर.
निम्मी गावाने गाड्या भरभरून उसात नेली.
उरली तिच्यावर आम्ही दोऱ्या ताणून चौकोन आखले.

सव्वा मीटरवर माती बदलली:
काळ्यात एक राखाडी गोल.
"हितं खड्डा हाय," दुर्पताबाई म्हणाली,
खुरपं ठेवून तिने ब्रश मागितला.

चार दिवसांनी घर दिसलं.
गुडघाभर खोल, काठाला खांबांची अकरा भोकं,
मधोमध चूल, एका बाजूने खचलेली.
दार सापडेना.
ती आत उतरून बसली, पदर पुढे ओढला.
"पावसाळी वारं मावळतीचं.
दार उगवतीला आसंल. कामून तिकडं शोधायलाव?"

राखेत दाणे. काळे, चपटे.
"हुलगा. करपलाय,"
जसं काही आत्ताच कुणाचं लक्ष उडालं.
हात नको, मी म्हणाले.
चिमट्याने उचलून चांदीच्या कागदात.
लिंबाजीला बिडीसकट बांधापलीकडे धाडलं,
त्याचा धूर आजचा आहे.

दाणा हिरवा होता तोवर हवेशी देवघेव होती.
खुडला त्या दिवशी खातं बंद,
पुढे नुसता खर्च:
पाच हजार सातशे तीस वर्षांत निम्मा.
शिल्लक मोजणाऱ्याने
हुलग्याचं माडगं कधी प्यालेलं नसतं.

सात महिन्यांनी कागद आला.
आजच्या आधी तीन हजार एकशे चाळीस,
अधिक-उणे नव्वद.

"आजच्या म्हंजे?"
शास्त्रातला आज एकोणीसशे पन्नासला थांबवलाय, मी म्हणाले.
"म्हंजी रझाकार गेल्यावर दोन वर्सांनी.
मपली माय तव्हा परकरात."
आणि अधिक-उणे?
तेवढी खात्री नाही, बाई. नव्वद वर्षं इकडे नाहीतर तिकडे.
ती हसली.
कार्डावर तिचा जन्म एक जानेवारी,
वस्तीतल्या निम्म्या बायांसारखा.
साल लिहिणाऱ्याने तोंडाकडे बघून ठरवलेलं.
"मपलं बी तसंच की."

पावसाआधी खड्डा बुजवला.
खाली प्लॅस्टिक, वर तीच माती,
आणि मधे यंदाचं एक नाणं टाकायचं असतं,
पुढे कुणी खणलंच तर कळावं म्हणून.
माझ्याकडे सुटे नव्हते.
दुर्पताबाईने कनवटीचं टाकलं.
त्यावरचं साल
बघायचं राहिलं.