चालत आत

जाहिरातीत लिहिलं होतं : वॉक-इन.
शनिवार, दहा ते एक. अंबड एमआयडीसी.
येताना दोन फोटो, मूळ कागदपत्रं.

बाबांनी पेपर चष्म्याजवळ नेला.
"म्हणजे बोलावलेलं नाहीये तुला?"
नाही.
"आणि तरी जायचं?"
हो. चालत आत जायचं, असंच म्हणतात त्याला.
मग त्यांनी रिक्षाचा आरसा पुसला, बराच वेळ.
आमच्यात कुणी कुणाच्या दारात
असं आपलं आपण शिरलेलं नाही.
आधी बाहेरून हाक,
मग चप्पल काढायची,
मग थांबायचं.

उपनगर, द्वारका, मुंबई नाका, पाथर्डी फाटा.
गरवारेला म्हटलं, इथंच उतरते.
"गेटपर्यंत सोडतो की."
"नको बाबा, वॉक-इन आहे."
हसले. आणि उतारूनं द्यायचे पैसे
उलटे त्यांनीच माझ्या हातात ठेवले,
पन्नासची नोट, चारपदरी घडी.

गेटवरच्या वॉचमनच्या छातीवर पट्टी : गांगुर्डे.
"कुठं?"
वॉक-इन.
"ते ठीक आहे ताई, पण असं चालत आत नाही जाता यायचं."
रजिस्टर. नाव, गाव, वेळ, सही.
पेन दोरीला बांधलेलं, दोरी आखूड,
म्हणून जो तो वाकून लिहीत होता.
माझा नंबर एकसष्ट.
वॉक-इनमध्ये बराचसा वेळ उभं राहायचं असतं
हे कोशात देत नाहीत.

पुढे सटाण्याचा हेमराज,
ऊन लागू नये म्हणून फाईल डोक्यावर.
म्हणाला, मागच्या खेपेला विचारलं, हाऊ आर यू,
मी सांगून बसलो, आयटीआय, वायरमन.
हसलो दोघं.
मग तो पुढे पाहत म्हणाला,
"मला इंग्रजी चालतं हो.
मीच इंग्रजीला चालत नाही."

त्या 'चालत नाही'पाशी मी अडकले.
आपल्या भाषेत पाय कुठं कुठं!
घर चालतं, गिरणी चालते,
एक तारखेपर्यंत उधारी चालते,
कुणाचं काही चालत नाही कुणापुढे,
आणि हाकलायचं तरी म्हणतात, चालता हो.
वॉक-आऊट तर आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे.
'आत' तेवढं नवीन.

आत एसी. कुलथे मॅडम.
शेजारी एक सर, त्यांनी नाव सांगितलं नाही.
"सुकेशिनी पगारे. वा, आडनावातच पगार!
मग आणखी किती हवा?"
त्या हसल्या, ते हसले.
मीही हसले, मार्क त्यालाही असतील.
मग मल्टिमीटर, कॉइलचा रेझिस्टन्स,
शॉर्ट कुठं आहे ते कसं शोधशील.
ते सगळं आलं. हातानं दाखवलं तर फारच आलं.
"अकरा हजार. हातात साडेनऊ. चालेल?"
चालेल.
"पहिली पाळी सहाला. चालेल?"
चालेल.
"कळवतो."

उठले. खुर्ची आवाज न करता मागे घेतली,
आणि सवयीनं तोंडातून गेलं,
येते.

मॅडमनी वर पाहिलं.
त्याही मराठीच,
पण त्या खोलीत हा शब्द बहुतेक पहिल्यांदा आला होता.
त्यांना कळेना, हसावं
की तारीख द्यावी.

गेटवर पुन्हा तेच पेन, तीच दोरी.
बाहेर पडल्याची वेळ, एक वाजून दहा.
"येते, दादा."
रजिस्टरातून मान वर न करता
गांगुर्डे म्हणाले,
"या."