मागची सीट

उद्यमनगरात दोन सायकली कापून
एक केली. वेल्डिंग माझंच,
म्हणून चढाला फ्रेम कुरकुरली की मला शरम वाटते.
पुढं मी. मागं आदगोंडा चौगुले,
ज्याला तेरा वर्षं दिसत नाही
आणि जो पायडल मारताना चुकारपणा करत नाही.

त्याची अट एकच होती, गाड्या नकोत.
"हायवेवर मला नुसता हायवे ऐकू येतो मर्दा,
बाकीचं सगळं त्याच्या चाकाखाली."

तीन रविवार मी रस्ता शोधत हिंडलो.
शेवटी कालव्याच्या भरावावरची ही वाट मिळाली,
पाटकऱ्याच्या फटफटीपुरती,
दोन चाकोऱ्या आणि मधे गवताची मिशी.
बिद्रीच्या अलीकडं डांबर सोडलं
तशी ऊसवाल्या ट्रॅक्टरची गाणी
एकेक करून फडात बुडाली.

पाणी सुटलं होतं. आवर्तनाचा चौथा दिवस.
मला दिसलं ते एवढंच:
गढूळ पाणी, त्यात निघालेली एक चप्पल,
काठाच्या फरशीवर वाळत घातलेली वाकळ.
तो म्हणाला, "पुढं मोरी हाय."
दोनशे पावलांवर मोरी आली.
"कसं कळलं?"
"पाण्यानं घसा आवळला की."

एका दारापाशी धुणं धुणाऱ्या बायका थांबल्या.
"दोघं बी पायडल मारत्यात व्हय?
एकजण नक्की फसवत असणार."
"पुढचा," आदगोंडा म्हणाला.
ते हसणं पाण्यावरून
बरंच लांब आमच्या सोबत आलं.

किलोमीटरचे दगड मी मोठ्यानं वाचत होतो.
एकोणतीस. अठ्ठावीस.
पुढचा उपडा पडलेला, गप्प राहिलो.
थोड्या वेळानं पाठीमागून:
"सत्तावीस खाल्लंस काय?"

संध्याकाळी धरणाच्या भिंतीपाशी
कालवा संपला,
म्हणजे सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी जंगल. चौकीवर बिरू येडगे,
वही पुढं सरकवत म्हणाला, "गाडी न्हाई न्हवं? मग जावा.
अंधाराच्या आत माघारी."
आदगोंडानं सही केली,
डोळे होते तेव्हाची, वळणदार,
तीन रकाने ओलांडून गेलेली.

अंजनीच्या सावलीत चाकं गार पडली.
जांभ्याचा रस्ता, वर हिरड्याचा पाचोळा,
त्यावरून जाताना सायकल पापड खाल्ल्यासारखी वाजायची.
माझ्या कानात फाउंड्रीची शिट्टी असते, झोपेतसुद्धा.
ती कधी थांबली ते कळलं नाही.

"थांब."
ब्रेक दाबले.
"शेण. ताजं. पण गोठ्यातलं न्हवं."
मला नुसती कारवी दिसत होती.
मग कारवीनं एक कान हलवला.

गवा. पांढरे मोजे घातलेले पाय,
वर रात्र.
आम्ही श्वास हातात धरून उभे.
त्यानं आमच्याकडं पाहिलं, किंवा मागच्या झाडाकडं,
आणि रस्ता ओलांडला,
घाई नसलेल्या माणसासारखा.

"केवढा होता?" बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं.
मी फिटर. एका मिलीमीटरचे शंभर भाग मोजतो.
म्हटलं, "होता बाबा."

परतताना पुन्हा कालवा, सरळसोट पट्टा,
ना माणूस ना म्हैस.
"आता मी पुढं बसतो," तो म्हणाला.
मी काय काय बोललो ते लिहीत नाही.
तो ऐकून घेत होता आणि सीट खाली करत होता.

"डावं-उजवं सांगत बसू नकोस. पाणी माझ्या डाव्या कानात हाय,
तिथंच ठेवतो."

निघालो.
मला दिसत होता फक्त त्याचा शर्ट,
पाठीवर सुकलेल्या मिठाची रेघ,
दंडांची किंचित हालचाल.
रस्ता दिसत नव्हता.
मोरी आली असावी, पाणी खाकरलं,
सायकल जराशी उजवीकडं झाली, पुन्हा सरळ.
कुठंतरी बगळा उडाला. त्यानंच सांगितलं.

माझी बोटं ब्रेक शोधत होती.
ब्रेक पुढं होते.