सात नंबर

बोर्डावर एकूण अठ्ठावीस खटके आहेत.
सात नंबर समुद्राकडचा:
माडांना गुंडाळलेल्या माळा, पायऱ्या, बारचं छप्पर.
त्याच्याखाली मी बॉलपेननं लिहिलंय,
कासव.

लिहिलं ते त्या लग्नानंतर.
सुरतेची पार्टी, बावीसही खोल्या भरलेल्या,
नवरीच्या काकांनी नाचायला
वाळूवर फळ्या टाकून घेतलेल्या.
साडेअकराला कायतान मागच्या गेटाशी आला,
तांबडा कागद लावलेली बॅटरी छातीशी धरून,
धाप लागलेली, तरी आवाज चोरून,
"वायरमन, ती आयल्या. लायटी पालय रे."

ती म्हणजे कोण,
हे आगोंदात विचारावं लागत नाही.

मी कुंकळ्येकर बाईंकडे गेलो.
त्यांनी मांडवाकडे पाहिलं, मग घड्याळाकडे,
मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या,
"जुनं वायरिंग आपलं. जाते कधी कधी."

मी खटका ओढला.
गाणं अर्ध्या ओळीत मेलं.
काका आले, घामानं फेटा सुटलेला.
"जनरेटर?"
"डिझेल संपलंय," मी म्हणालो.
टाकी काठोकाठ भरलेली होती.
आयटीआयला असताना कुणी शिकवलं नव्हतं
बत्ती न लावण्याचं काम.

चाळीस मिनिटं.
लहान पोरं आधी रडली, मग विसरली.
कुणीतरी फळीवर बसून
अंधारातच जिलबी खात होतं, कुरकुर ऐकू येत होती.
आणि तिकडे, दोनशे पावलांवर,
ती परातीएवढी बाई
मागच्या पायांनी वाळू उपसत होती म्हणे.
मी नाही पाहिलं. मी बोर्डाशी उभा होतो.
एकशे नऊ, कायताननं सकाळी सांगितलं,
स्वतःच्या पोराचे मार्क सांगावेत तसं.

मग बिलातून वीस टक्के गेले.
टिपांच्या डब्यात त्या दिवशी
एक रबरबँड आणि सुरतेच्या दुकानाचं कार्ड.
भांडी घासणारी शेवंती वेळीप म्हणाली,
"अंडी तिची, उबवायची आम्ही."

आता गेटावर पाटी आहे:
आम्ही निसर्ग जपतो, गाव जपतो.
खोल्याखोल्यांत पुस्तिका, तिच्यात कासवाचा फोटो.
"ही वाळू आपली न्हय," कायतान म्हणतो, बोटानं फोटो पुसत.
मला हसू येतं.
पूर्ण येत नाही.
कारण पावसाळ्याचे चार महिने
खोल्यांना ताडपत्री लागते तेव्हाही
कायतानचा पगार चालू असतो,
किनारा चालत राहायचा पगार.
सोयरू खोल्याच्या डोंगरउतारावरून मिरची आणतो,
दर तोच सांगतो,
बाईंना ठसका लागतो, पण सही करतात.
न्हाणीचं पाणी गाळून केळींना जातं.
साबण पिऊन केळी गोड कशी होतात ठाऊक नाही,
होतात.

बावन्नाव्या पहाटे जाळी काढली.
माझी मुलगी आली होती, शाळेचा स्वेटर घालून.
"यांना कोण सांगतं, समुद्र कुठं आहे?"
मी म्हटलं, जिकडे उजेड तिकडे जातात ती,
म्हणून आपण मागे काळोख ठेवायचा.
तिला ते पटलं.
बटणाएवढी पिल्लं, ओल्या वाळूवर रेघा मारत,
एक उलटं पडलेलं तिनं
कायतानला विचारून सरळ केलं.

परतताना शेवंतीच्या घरावरून आलो.
मार्च. तिच्या विहिरीत कळशी
पाण्याला लागण्याआधी दगडाला लागते,
रस्त्यावरून ऐकू येतं.
आमची बोअर तिथून सत्तर पावलं.
पंपाचा खटका एकोणीस नंबर.
त्याच्याखाली अजून काही लिहिलेलं नाही.

बॉलपेन खिशातच असतो.
आज दुपारी कुंकळ्येकर बाई बोर्डाशी आल्या,
सात नंबरखालचं अक्षर वाचलं,
मग नजर खाली खाली सरकत
एकोणीसवर थांबली.
"किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत चालतो हा?"

मी खरं ते सांगितलं.
त्या गेल्या नाहीत, उभ्याच राहिल्या.