पातळी

तीस रुग्ण हवे होते, अठ्ठावीस मिळाले.
एकाला किडनी मिळायची ठरली, तो पुण्याला गेला.
एक मंगळवारी आलाच नाही.
त्याच्या खाटेवर सिस्टरनी नवी चादर घातली
आणि मी यादीत बारीक रेघ मारली, पेन्सिलनं.

मिरजेत, नर्सिंगच्या चौथ्या वर्षाला
मला मिळालेला विषय:
'डायलिसिसच्या रुग्णांमधील पाण्याचे पथ्य, एक अभ्यास.'
मॅडम म्हणाल्या, प्रश्न सोपे ठेव,
उत्तरं चौकटीत बसली पाहिजेत.

प्रश्न नववा. दिवसाला किती पाणी पिता?
अर्ध्या लिटरहून कमी, अर्धा ते एक, एकाहून जास्त.
बहुतेकांनी पहिल्या चौकटीवर बोट ठेवलं.
वजनकाटा काही बोलला नाही, नुसता दाखवत राहिला.

सतरा नंबरनं पिशवीतून वही काढली.
भूपाल मगदूम, राहणार सांगलवाडी,
पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं.
पुलाच्या खांबावरचे आकडे वाचायचे,
पावसाळ्यात तासातासाला, बॅटरीच्या उजेडात,
आणि फोनवरून वर कळवायचे:
तेवीस फूट. तेवीस फूट चार इंच.
"चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका.
आता माझा धोका बघ की. सातशे मिली."

वहीत रकाने, पट्टी लावून आखलेले.
सकाळी सहा: चहा, अर्धी वाटी.
साडेनऊ: गोळ्यांबरोबर दोन घोट.
दुपार: ताक नाही. आमटी नाही, वरची डाळ फक्त.
सोळा एप्रिलला एकच ओळ:
'कलिंगड. जास्त झालं. नोंद केली आहे.'

ड्राय वेट बावन्न किलो.
माणसाला कोरडं वजन असतं, हे मी पाठ केलं होतं.
त्यांनी विचारलं,
"म्हंजे पाणी उतरल्यावर खाली उरतंय ते?"
मी हो म्हटलं.
पुस्तकात याहून बरी व्याख्या नाही.

काकू बाहेर बाकावर, मांडीवर डबा.
त्यांच्यासाठी फॉर्ममध्ये अर्धी ओळ:
काळजी घेणाऱ्या व्यक्तीचे नाते.
पत्नी, असं मी लिहून टाकलं होतं.

तिसऱ्या शनिवारी त्यांना कूलरमधलं पाणी भरून दिलं.
त्यांनी आधी दाराकडं बघितलं,
मग पाठ फिरवून प्यायल्या, घटाघटा,
पदरावर सांडलं तरी न थांबता.
"घरात त्यांच्यापुढं पीत न्हाई मी.
तहान लागली की म्हणते,
जरा अक्काताईकडं जाऊन येते.
त्यास्नी वाटतंय, हिला गप्पांची लई हौस."
चार वर्षं.

हे कुठल्या रकान्यात घालायचं, मॅडमना विचारलं.
त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
"तुझ्या उद्दिष्टांत बसत नाही गं हे."
मी दारापर्यंत गेल्यावर म्हणाल्या,
"खोडू मात्र नकोस."

तोंडी परीक्षेला कोल्हापूरहून सर आले.
अभ्यासाच्या मर्यादा?
नमुना लहान, मी म्हटलं. केंद्र एकच.
माहिती रुग्णांनी स्वतः सांगितलेली.
"बरं," म्हणत त्यांनी पान उलटलं.
पुढच्या पानावर आलेख होता, निळा आणि केशरी.

शेवटच्या शनिवारी सांगायला गेले, झालं माझं काम.
मशीन फिरत होतं, तासभर राहिला होता.
"नाव घालणार न्हाईस म्हणं. मग मी कोण त्यात?"
सतरा, म्हटलं.
ते हसले, नळ्या हलू नयेत इतपत.
"सतरा फूट म्हंजे काय न्हाई पोरी.
सतरा फुटाला पुलावर
बघायलासुद्धा कोण थांबत न्हाई."

मग उजव्या हातानं वही ओढली.
सिस्टरनी मघाशी बर्फाचा खडा दिला होता, जिभेवर ठेवायला.
"एक खडा किती धरायचा?"
दहा मिली धरा, मी म्हटलं.
त्यांनी पंधरा लिहिले.