फक्त त्या फोल्डरपुरतं

साकीनाक्याला तिसऱ्या मजल्यावर, एसीच्या घरघरीत
चारशे बारा वेबसाइटी एकाच मशीनवर नांदतात.
सगळ्यांना नियम एक:
फाइल दोन एमबीपर्यंत, काम तीस सेकंदांत,
मेमरी दिली तेवढीच.

रात्री पावणेबाराला कोंडिवट्याहून एस्मी डिमेलोंचा फोन.
"अरे, माझी मावशी आत जात नाय."
मावशी म्हणजे एक्केचाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग:
मे महिन्यातलं अंगण, मुसळांचे ठोके,
बाटली मसाल्यात काय किती, तिच्याच तोंडून.
फेब्रुवारीत ती गेली.
आमचा सर्व्हर तिला दारातूनच परत पाठवतो.

मुख्य फाइल मला उघडता येते.
तिथला आकडा वाढवला की चारशे बारा जणांना मोकळं रान,
पहाटेपर्यंत कुणाच्या तरी लग्नाचा व्हिडिओ
सगळ्यांना घेऊन बुडेल.

माझे वडील पालिकेत चावीवाले.
खांद्यावर लोखंडी चावी, पहाटे साडेचारला
भांडुपचं पाणी त्यांच्या मनगटात.
मोठ्या वॉल्व्हला वेळेआधी हात लावला नाही कधी.
पण कुठल्या गल्लीत मयत असेल
तर तिथल्या झाकणाशी उकिडवं बसून
दीड आटा जास्त.
तेवढ्याच गल्लीला.

मी डिमेलोबाईंच्या फोल्डरात एक फाइल ठेवतो.
नाव टिंबाने सुरू, म्हणून यादीत दिसत नाही.
आत एकच ओळ: अपलोडची हद्द चौसष्ट.
"झाला?"
"थांबा. अशा चिठ्ठ्या सर्व्हर पाच मिनिटांनी वाचतो."
त्या थांबतात. फोनवर पंख्याचा आवाज.
धणे कुठून आणायचे ते मला सांगतात, मी न विचारता.

पुन्हा नाही.
चूक माझी. दार रुंद केलं, जिना अरुंदच ठेवला:
पोस्टची हद्द अजून आठवरच.
दुसरी ओळ. आणखी पाच मिनिटं.
मिरची भाजायची नाय म्हणे, नुसती उन्हात.

बारा वीसला पट्टी सरकत सरकत शेवटाला टेकली.
"गेली आत," त्या म्हणाल्या,
आणि बराच वेळ काहीच नाही.

रात्रपाळीच्या वहीत मी लिहिलं: मुख्य सेटिंग जशीच्या तशी.
खोटं काही नव्हतं त्यात.
मग हेडफोन लावून पहिली दहा सेकंदं वाजवली.
फाइल शाबूत आहे ना, एवढ्यासाठीच.
कुणीतरी खोकलं. भांडं सरकलं.
"पोरी, पयले हात धू."