कावळ्याचं अंतर

क्लीव्हलंड ते पिट्सबर्ग.
गाडीने दोन तास दहा मिनिटं,
मध्ये टोल, मध्ये यंगस्टाउन, मध्ये एक थांबा
जिथे कॉफी बरी मिळते म्हणतात.
अकरा वर्षांत मी ती प्यायलेली नाही.

विमानाने जायचं तर आधी उलटं, शिकागोला.
तिथे तीन तास खुर्चीत अवघडून
मग परत याच घराच्या छपरावरून,
तीस हजार फुटांवरून,
अवधूतच्या गावी.
दारापासून दारापर्यंत सात तास.
रात्री दीड वाजता मी हा हिशेब मांडून बसले होते,
गॅसच्या बिलाच्या पाठकोऱ्या बाजूवर, पेन्सिलीने,
जणू निवडायला खरंच दोन वाटा होत्या.

त्याचा फोन साडेनऊला येऊन गेला होता.
आवाज तोच, कायम सर्दी झाल्यासारखा.
"एन्डोस्कोपी आहे उद्या. भूल देतात.
घरी न्यायला कुणी नसेल तर करतच नाहीत म्हणे.
टॅक्सी चालत नाही. फॉर्मवर नाव लागतं."
मग जरा थांबून,
"नात्याच्या रकान्यात काय लिहू?"
मी विचारलं, किती वाजता.

सरळ रेषेतल्या अंतराला इथे
कावळ्याचं अंतर म्हणतात. एकशे पंधरा मैल.
मला त्या रात्री एकटीलाच हसू फुटलं.
आमच्यातलं अंतर कावळ्यानेच तर घातलेलं.

माहुलीच्या घाटावर, बाबांच्या दहाव्याला,
तो समोरच्या बाभळीवर बसून राहिला.
भात वाळला. गुरुजींनी दोनदा घड्याळ पाहिलं.
मामा हात जोडून काय काय कबूल करत होता.
आणि अवधूत सगळ्यांदेखत म्हणाला,
"ताईला सांगा ना बोलायला.
तिचीच वाट बघत होते ते, नऊ दिवस."
मी कालच उतरले होते,
बावीस तास, तीन विमानं, एक जीप.
तोंडातून शब्द निघाला नाही.
शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला.
खरा तेवढ्यात उडून गेला,
पलीकडच्या काठाला.

पहाटे साडेचारला निघाले.
ओहायो संपून पेनसिल्व्हेनिया कधी लागलं कळलं नाही,
चाकांखालचा आवाज तेवढा बदलला.
थांब्यावर कॉफी घेतली.
बरी नव्हती.

फॉर्मवर माझं नाव होतं, माहेरचं.
नात्याचा रकाना रिकामा.
मीच भरला.

त्याला चाकाच्या खुर्चीतून बाहेर आणलं,
पायात हॉस्पिटलचे पिवळे मोजे,
केस पार गेलेले, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
भूल पुरती उतरली नव्हती.
माझ्याकडे बघून मराठीत म्हणाला, "उशीर केलास."
नर्सने विचारलं, काय म्हणतायत?
मी म्हटलं, ओळखलं मला.

तिथून त्याचं घर सहा मैल.
फोनवरची बाई म्हणाली चौदा मिनिटं.
मी एक बोगदा चुकवला, दोन पूल भलतेच घेतले,
या गावात पुलांना तोटा नाही,
आणि हा शेजारी मान टाकून झोपलेला,
तोंड उघडं,
दुपारी आरामखुर्चीत बाबांचं असायचं तसं.

पुढच्या सिग्नलला डावीकडे वळायचं होतं.
मी सरळ गेले.