दिडकी

रुवीत, बस अड्ड्यामागच्या गल्लीत
आमचं तिकिटांचं दुकान.
काचेवर चिकटवलेलं, उन्हानं विटलेलं एक विमान,
त्याचं शेपूट मागच्या उन्हाळ्यात सुटलं.
लोक येतात, पासपोर्ट ठेवतात आणि विचारतात
जे त्यांना आधीच ठाऊक असतं:
मॅडम, मुंबई किती लांब?

सांगते, पंधराशे सत्तर किलोमीटर,
समुद्रावरून, सरळ.
हवेत पावणेतीन तास.

पण तिकिटावर तसं दिसत नाही.
जाताना अकराला उडालेलं सव्वातीनला टेकतं,
येताना सहाला उडालेलं सव्वासातला.
म्हणजे कागदावर घर सव्वाचार तास दूर
आणि काम फक्त सव्वा तासावर.
नवी पोरं भांडतात, चुकलंय म्हणतात.
मग मी मिरजेत वडिलांनी पाठ करून घेतलेली
दिडकी म्हणून दाखवते,
एक दिडे दीड, दोन दिडे तीन.
जाताना दीड तास कापून घेतात, बाळांनो,
येताना परत देतात.
कुणी दिडकी बुडवत नाही.

शरफुद्दीन हजवानी कधी भांडला नाही.
सोहारच्या बंदरात क्रेनवर, खेडकडचा.
तिकिटासाठी बस करून यायचा,
फोनवर नको, कागद हातात पायजे.
म्हणायचा, बाय, विमानाचं काय सांगतेस,
अंतर तिथून पुढं सुरू होतं.
सात तास गाडी,
मग साकवावरून चालत,
आणि पहिल्या सुट्टीला तर
झुलेखा पडद्यामागून बाहेर यायला
तीन दिवस.
हे लिही की तुझ्या तक्त्यात.

मनगटावरचं घड्याळ कायम गावाच्या वेळेचं.
शिफ्ट सहाची, त्याच्या काट्यात साडेसात.
बावीस वर्षं डोक्यात वजाबाकी.
माझ्या टेबलावर अजून ऊन असायचं
आणि तो म्हणायचा, तिकडं दिवे लागले.

या गुरुवारी आला. एकाच बाजूचं, म्हणाला.
परतीचा रकाना मी रिकामा सोडला,
यंत्रानं दोनदा विचारलं, खात्री आहे?
तो हसला.
या खेपेचे दीड तास मग मी कुणाकडं मागू?

हिशेब माझा धंदा. मी बोटांवर केला.
म्हटलं, चाचा, ते तुम्हाला आधीच मिळालेत.
बावीस वर्षांपूर्वी, पहिल्यांदा उतरलात त्या दिवशी,
आगाऊ.
आज फक्त फिटतंय.

तो बराच वेळ गप्प.
बाहेर कुणाची तरी गाडी मागं घेताना पिपाणी वाजवत राहिली.
मग म्हणाला, आठवलं.
रांगेत गेले.
चादर आणि बादली वाटत होते कॅम्पात,
माझा नंबर आला तेव्हा
चादरी संपल्या होत्या.

तिकीट पासपोर्टात घातलं. उठला नाही.
घड्याळाची किल्ली नखानं ओढली
आणि काटे मागं फिरवत नेले,
पूर्ण दीड तास, सावकाश,
माझ्या भिंतीवरच्या घड्याळाशी जुळेपर्यंत.
आता गावात कुणी वेळ विचारली
तर त्याला बेरीज करावी लागेल.

जाता जाता दारात थांबून त्यानं
काचेवरच्या विमानाचं शेपूट
अंगठ्यानं दाबून चिकटवलं.
क्रेनवाल्याचा अंगठा, जोर होता.
तरी चारच्या सुमाराला सुटलंच.